कुठला ब्राउझर वापरावा? आधी सुरक्षितता, मग सोयी



"कुठला ब्राउझर वापरू?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. लग्नाच्या पंगतीत डॉक्टरला जशी पाठदुखी चुकत नाही, तसा संगणकाच्या धंद्यात पोट भरणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. फोनवर "अमुक एक घ्या" एवढं सांगून वेळ मारून नेता येते, पण 'का' ते राहून जातं. आणि 'का' कळलं नाही की पुढच्या वेळी कोणीतरी दुसरंच काही सांगतो आणि आपण तिकडे वळतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आपल्यासारख्या परदेशस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. एकाच ब्राउझरच्या एका खिडकीत इथला आयकर, दुसरीत भारतातलं एनआरओ खातं, तिसरीत ओसीआय कार्डाचा अर्ज आणि चौथीत मराठी वर्तमानपत्र. म्हणजे दोन देशांतली आपली सगळी पुंजी आणि कागदपत्रं या एका खिडकीतून ये-जा करतात. शिवाय बहुतेक सगळ्यांच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी असते, पुण्या-नाशकातल्या नाहीतर सोलापुरातल्या आईवडिलांचा संगणक आणि मोबाइल. तो आपण दहा हजार मैलांवरून, फोनवर "आता उजव्या बाजूला तीन टिंबं दिसतात का?" असं विचारत सांभाळत असतो.

थोडं मागे जाऊन

आपल्यापैकी जे २००० च्या आसपास इकडे आले त्यांना आठवत असेल, तेव्हा मराठी वाचायचं म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच लागायचा. बऱ्याच मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं स्वतःच्या खास टंकांत असत. तो टंक आपोआप उतरवून घेण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत फक्त एक्सप्लोररला यायची. दुसऱ्या ब्राउझरात तेच पान उघडलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. पुढे फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक जोड-साधन आलं, ते हा चिवडा युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. त्यानंतर हळूहळू सगळी वर्तमानपत्रं युनिकोडवर आली आणि तो प्रश्न मिटला.

पण त्या काळात आपण एक धडा फुकटात शिकलो. एका सोयीसाठी एकाच ब्राउझरला बांधून घेतलं की त्याचे दोषही पदरी पडतात. २००१ साली आलेला एक्सप्लोरर ६ इतका सर्वत्र होता की मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती आणायला २००६ साल उजाडवलं. मधल्या काळात त्यातली भोकं चोरांना पाठ झाली. जून २००४ मध्ये काही चांगल्या, नावाजलेल्या संकेतस्थळांवरच चोरांनी आपला मजकूर घुसवला. एक्सप्लोररने ते पान नुसतं उघडलं तरी संगणकात कळफलकावर नजर ठेवणारा प्रोग्राम बसायचा. तेव्हा यूएस-सर्ट या अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा पथकाने उपायांच्या यादीत 'दुसरा ब्राउझर वापरा' हाही एक उपाय लिहिला होता. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला फायरफॉक्स १.० आला आणि लोकांनी त्यावर उड्या मारल्या. २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. एक्सप्लोररचं काय झालं ते आपण पाहिलंच. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने तो बंद केला.

आज जगातले साधारण दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात. म्हणजे मालक बदलला, मक्तेदारी तशीच राहिली. फरक एवढाच की क्रोम तांत्रिकदृष्ट्या खरोखर मजबूत आहे. त्याच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे, ती पुढे येईलच.

सुरक्षितता म्हणजे नेमकं काय?

"हा ब्राउझर सुरक्षित आहे" असं कोणी म्हणालं की मी तीन गोष्टी विचारतो.

पहिली: भोक सापडलं की ठिगळ किती दिवसांत लागतं? भोकं सगळ्यांतच असतात, कारण ब्राउझर हा आता एक प्रचंड प्रोग्राम झालेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'वेबपी' या चित्रप्रकारात दोष सापडला. विशिष्ट तऱ्हेने बनवलेलं चित्र नुसतं दिसलं तरी चोराला आत शिरता येईल असा तो दोष होता, आणि तो क्रोम, एज, फायरफॉक्स, ब्रेव्ह या सगळ्यांत होता, कारण चित्र उलगडणारा भाग सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घेतलेला. गूगल आणि मोझिलाने एक-दोन दिवसांच्या अंतराने दुरुस्ती बाहेर काढली. ज्यांनी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला ते सुटले. ज्यांनी चाळीस खिडक्या उघड्या ठेवून "नंतर बघू" म्हटलं ते नंतरपर्यंत उघड्यावर होते. ब्राउझरच्या कोपऱ्यात 'अपडेट' असं दिसलं की त्याच दिवशी तो बंद करून पुन्हा उघडा. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दुसरी: एका पानातली घाण दुसऱ्या पानात जाते का? जुन्या ब्राउझरात सगळी पानं एकाच खोलीत नांदायची. क्रोमने पहिल्यापासून चाळीसारखी वेगवेगळ्या खोल्यांची रचना केली. एका खोलीत आग लागली तर भिंतीपलीकडे जाऊ नये अशी. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' हा प्रोसेसरमधलाच दोष जाहीर झाल्यावर या भिंती आणखी जाड कराव्या लागल्या. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी खोली देण्याचं काम संगणकावरच्या क्रोमने २०१८ मध्ये बहुतेकांपर्यंत पोचवलं, फायरफॉक्सला त्यासाठी २०२१ उजाडलं. इथे क्रोमचं पारडं जड आहे, हे मान्य केलं पाहिजे.

तिसरी: फसव्या पानापुढे तो तुम्हाला थांबवतो का? क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तिघेही गूगलच्या धोकादायक पानांच्या यादीचा आधार घेतात. एजची मायक्रोसॉफ्टची स्वतःची यादी आहे. लाल रंगाचं पूर्ण पान येऊन "पुढे धोका आहे" म्हणतं ते यामुळेच. ते आलं की मागे फिरावं. "तरीही पुढे जा" हे बटण आपल्यासाठी नाही.

खाजगीपणा हा चौथा मुद्दा, पण तो मी मुद्दाम वेगळा ठेवतो. घराला कुलूप असणं वेगळं आणि शेजाऱ्याने खिडकीतून डोकावणं वेगळं. क्रोमचं कुलूप उत्तम आहे, पण तो ज्या कंपनीचा आहे तिचा धंदा जाहिरातींचा आहे. मुंबईच्या विमानाचं तिकीट एके ठिकाणी पाहिलं की पुढचे पंधरा दिवस स्वयंपाकाच्या कृतीशेजारीही विमानं उडताना दिसतात, ती करामत 'थर्ड पार्टी कुकी' या चिठ्ठ्यांची. सफारीने २०२० मध्ये त्या सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाची चिठ्ठी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने २०२० मध्ये "दोन वर्षांत बंद करू" असं जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

दुकानं अनेक, गिरणी एकच

बाजारात ब्राउझर पंधरा-वीस दिसतात, पण आतलं इंजिन पाहिलं तर मुख्य तीनच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्डी आणि ऑपेरा हे सगळे क्रोमियमवर चालतात. पाट्या निराळ्या, पण पीठ एकाच गिरणीतलं. फायरफॉक्सचं इंजिन त्याचं स्वतःचं, सफारीचं ॲपलचं. आयफोनवर तर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत ॲपलचंच इंजिन असतं. युरोपात कायद्यामुळे २०२४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली आहे, पण प्रत्यक्षात अजून फारसा फरक पडलेला नाही. त्यामुळे आयफोनवाल्यांनी ब्राउझर बदलण्यापेक्षा फोनची प्रणाली वेळेवर अपडेट करण्याकडे लक्ष द्यावं.

आता एकेकाबद्दल माझं मत.

क्रोम: मजबूत, वेगवान आणि बहुतेक सगळ्या संकेतस्थळांना चालतो. बँकेचं पान अडलं तर बँकेचा मदतनीस पहिल्यांदा "क्रोममध्ये करून बघा" असंच सांगतो. उणीव म्हणजे जाहिराती अडवणं. जोड-साधनांचे नियम बदलल्यामुळे २०२५ मध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' हे सर्वांत नावाजलेलं जाहिरात-रोधक साधन क्रोममधून बाद झालं. त्याची 'लाइट' आवृत्ती चालते, पण तिच्यात मूळची धार नाही. जाहिरात अडवणं ही चैन नव्हे, हे पुढे काकांची गोष्ट वाचलीत की पटेल.

एज: विंडोजबरोबर येतोच. आत क्रोमचंच इंजिन असल्यामुळे चालायला ठीक. फसव्या पानांपासून संरक्षण चांगलं, आणि पूर्ण पडदा व्यापून घाबरवणारी पानं ओळखण्याची सोय त्याने २०२५ मध्ये आणली. पण कुपनं, खरेदीच्या सूचना, बातम्या असा फेरीवाल्यांचा बाजार पहिल्याच पानावर भरलेला असतो. तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो.

फायरफॉक्स: माझा रोजचा ब्राउझर. यूब्लॉक ओरिजिन यात पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइड मोबाइलवरसुद्धा. मेनू आणि सूचना मराठीत करून घेता येतात, हा ज्येष्ठांसाठी मोठा फायदा. बोच दोन. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग शोधयंत्राच्या करारापोटी गूगलकडूनच येतो, म्हणजे सुनेचा स्वाभिमान सासऱ्याच्या पैशावर. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटींत असा काही मजकूर घातला की गदारोळ झाला आणि काही दिवसांत तो बदलावा लागला. अधूनमधून एखादं संकेतस्थळ यात अडतं, तेव्हा दुसरा ब्राउझर हाताशी लागतो.

सफारी: मॅक आणि आयफोनवर उत्तम, बॅटरी कमी खातो, चिठ्ठ्या अडवतो. विंडोजवर तो मिळत नाही. कुठे जुनी प्रत सापडलीच तर हात लावू नका, ती २०१२ पासून बंद आहे.

ब्रेव्ह: मुळातच जाहिराती अडवतो, काही जोडावं लागत नाही. ज्यांना क्रोमसारखंच हवं पण जाहिराती नकोत त्यांना चांगला. आभासी चलनाचं पाकीट वगैरे त्यात असतं, ते बंद करून टाका. २०२० मध्ये एका चलन-विनिमय संस्थेचा पत्ता लिहिताना हा स्वतःचा दलालीचा कोड जोडतो असं उघड झालं होतं. बोभाटा झाल्यावर ते काढलं.

विवाल्डी आणि ऑपेरा: विवाल्डी हा हौशी लोकांचा ब्राउझर, हवा तसा सजवता येतो. ऑपेरा मूळचा नॉर्वेचा, पण २०१६ मध्ये तो चिनी गुंतवणूकदारांच्या गटाने घेतला. मी तो बँकेच्या कामाला सुचवत नाही.

आणखी एक नाव भारतातल्या जुन्या मोबाइलवर अजून सापडू शकतं, ते म्हणजे यूसी ब्राउझर. त्याची अँड्रॉइड आवृत्ती वापरणाऱ्याची माहिती धड न झाकता पाठवते, हे टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवून दिलं होतं. भारत सरकारने जून २०२० मध्ये ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत तो होता. या वेळी भारतात गेलात की आजी-आजोबांच्या फोनमध्ये एकदा बघून घ्या.

२०२५ मध्ये कॉमेट, ॲटलस असे एआयवाले ब्राउझरही आले. "माझ्यासाठी तिकीट शोध" म्हटलं की ते स्वतःच पानं उघडतात, बटणं दाबतात. कल्पना मोहक आहे, पण यांना पानावरचा मजकूर आणि मालकाचा हुकूम यातला फरक नीट कळत नाही. एखाद्या पानात लपवून लिहिलेला हुकूम हा नोकर तुमचाच समजून पाळू शकतो, हे ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटवर दाखवलं होतं. गंमत म्हणून वापरा. बँक आणि ई-मेल मात्र त्यात उघडू नका.

काकांची गोष्ट

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. आमच्या गावातल्या एका मित्राचे वडील, निवृत्त शिक्षक, सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण हुशार. नेटबँकिंग स्वतः करायचे, त्याचा अभिमानही होता. एके दुपारी पंचांग बघताना बाजूच्या जाहिरातीवर टिचकी पडली आणि सगळा पडदा निळा झाला. कर्कश भोंगा वाजू लागला. "तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा." काकांनी फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र. नाव-गाव ऐकून तो हिंदीत बोलू लागला, तेव्हा काकांना उलट आधारच वाटला. त्याने एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि "तुमचं बँक खातं सुरक्षित आहे का ते तपासू" म्हणाला. काका पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड भरणार एवढ्यात सूनबाई कामावरून परतल्या. त्यांनी आधी इंटरनेटची वायर उपसली.

पैसे वाचले. पण काकांनी त्यानंतर परत जाईपर्यंत संगणकाला हात लावला नाही. "आता मला हे जमायचं नाही" म्हणाले. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि ते नशीबवानच म्हणायचे. एफबीआयच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात अमेरिकेतल्या साठीच्या पुढच्या लोकांनी इंटरनेटवरच्या फसवणुकीत ३.४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गमावल्याच्या तक्रारी केल्या. सर्वांत जास्त तक्रारी याच 'तांत्रिक मदत' प्रकाराच्या होत्या.

या प्रकारात ब्राउझरमध्ये भोक नसतं. पडदा व्यापणं, आवाज करणं, सूचना दाखवणं, या सगळ्या ब्राउझरच्या अधिकृत सोयी आहेत. चोर त्याच वापरतो. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना एवढं शिकवून ठेवा:

१. पडदा अडकला तर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली 'एस्केप' कळ काही क्षण दाबून धरायची. नाहीच सुटलं तर संगणकाचं बटण दाबून धरून सरळ बंद करायचा. काही बिघडत नाही.

२. खरा विषाणू कधी फोन नंबर देत नाही. पडद्यावर फोन नंबर आला की तो चोरच.

३. "सूचना पाठवू का?" असं कुठल्याही पानाने विचारलं तर 'नको' म्हणायचं. बऱ्याच आजी-आजोबांच्या संगणकावर कोपऱ्यात सारख्या भीतिदायक पाट्या येत असतात, त्या बहुधा इथूनच सुरू झालेल्या असतात. सेटिंगमधल्या 'सूचना' या भागात जाऊन परवानगी काढून टाकली की पाट्या थांबतात. अधिक चांगलं म्हणजे विचारणंच बंद करून ठेवा.

४. कोणालाही संगणकाचा ताबा द्यायचा नाही. मुलगा किंवा मुलगी सोडून.

जाहिरात-रोधक साधन लावलेलं असतं तर काकांना ती जाहिरात बहुधा दिसलीच नसती. म्हणूनच मी त्याला चैन म्हणत नाही. ज्येष्ठांच्या संगणकावर ते आधी लावा.

कुलूप नको, पत्ता बघा

पूर्वी आपण सगळ्यांना सांगत आलो, "पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की बिनधास्त." हा सल्ला आता चालत नाही. कुलपाचा अर्थ एवढाच होता की वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असं ते कधीच सांगत नव्हतं. २०१५ च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रं कोणालाही फुकट मिळू लागली. चांगल्या संकेतस्थळांना त्याचा फार फायदा झाला, आणि चोरांनाही. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

मग बघायचं काय? पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगेच आधीचे शब्द. चोर सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव घालतो, पण शेवट बदलू शकत नाही. भारतातल्या बँकांसाठी आता एक चांगली खूण झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर हलवायला सांगितलं, आणि हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पासपोर्ट, व्हिसा, ओसीआय यांच्या अर्जाचं मूळ सरकारी संकेतस्थळ 'डॉट गव्ह डॉट इन' वर संपतं. बनावट पासपोर्ट आणि ई-व्हिसा संकेतस्थळांबद्दल भारत सरकारने अनेकदा सावध केलेलं आहे. गूगलमध्ये शोधून पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नका, तो अनेकदा जाहिरातीचा असतो. वकिलातीच्या संकेतस्थळावरून पुढे जा.

यात ब्राउझरची खरी मदत होते ती पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या सोयीची. पुष्कळांना वाटतं पासवर्ड साठवणं धोक्याचं. पण माणसाचा डोळा फसतो, ब्राउझर पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघतो. पान हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर तो पासवर्ड भरणार नाही. तो गप्प बसला की आपणही थांबायचं. एक पोटनियम: बँकेने खरोखरच पत्ता बदलला असेल, जसा आत्ता बदलला, तर पहिल्या वेळी तो गप्प बसेल. तेव्हा बँकेच्या कार्डावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून नवा पत्ता विचारून घ्या. साठवलेले पासवर्ड मात्र फक्त आपल्या एकट्याच्या संगणकावर, तेही संगणकाला स्वतःचा पासवर्ड असेल तरच.

जोड-साधनं आणि इतर गैरसमज

एक्स्टेन्शन म्हणजे घरात ठेवलेला गडी. बऱ्याच जणांना तुमच्या प्रत्येक पानावरचं सगळं वाचता येतं. शिवाय गडी तोच राहतो आणि मालक बदलतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांवर लोक वापरत असलेलं साधन २०२० मध्ये मूळ लेखकाने विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक भाग असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. नामांकित कंपनी असली म्हणूनही निर्धास्त राहू नये. विषाणू-रोधक प्रोग्राम आणि जोड-साधनांतून लोक काय बघतात ती माहिती गोळा करून विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अवास्ट कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. तेव्हा दोन-तीनपेक्षा जास्त साधनं ठेवू नका. जे का ठेवलंय ते आठवत नाही, ते काढून टाका.

गुप्त खिडकी, म्हणजे 'इन्कॉग्निटो', ही घरातल्या माणसांपासून लपवते, जगापासून नाही. बायकोच्या वाढदिवसाची भेट शोधायला उत्तम. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसच्या साहेबाला तुम्ही कुठल्या संकेतस्थळांवर गेलात ते दिसू शकतं.

भाषांतराची सोय आखातातल्या आणि युरोपातल्या मंडळींना फार उपयोगी. अरबी किंवा जर्मन सरकारी पान क्षणात मराठीत दिसतं. पण क्रोम भाषांतर करतो तेव्हा पानावरचा मजकूर गूगलकडे जातो. बँकेचं, दवाखान्याचं पान असेल तर दोनदा विचार करा.

आणि ब्राउझर कितीही चांगला असला तरी खालची जमीन भक्कम हवी. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. घरगुती वापरासाठी जास्तीची एक वर्षाची मुदत मिळते, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ७ वर तर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या सुरुवातीपासून येत नाहीत. अण्णांचा तो जुना संगणक "अजून छान चालतो" हे खरं असलं, तरी त्यावर नेटबँकिंग नको. पत्ते खेळायला राहू द्या.

थोडक्यात काय करावं

माझा साधा नियम असा आहे: दोन ब्राउझर ठेवा. एक फक्त पैशाअडक्याचा. त्यात एकही जोड-साधन नाही, बँक, कर आणि सरकारी कामाच्या चार-पाच खुणा जपून ठेवलेल्या, दुसरं काही उघडायचं नाही. क्रोम किंवा एज याला उत्तम, मॅकवर सफारी. दुसरा बाकी सगळ्या भटकंतीसाठी, जाहिरात-रोधक लावलेला फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह. देवघरातलं तांब्याभांडं आणि स्वयंपाकघरातलं आपण वेगळं ठेवतो, तसंच हे. दोन्ही आपोआप अपडेट होतात ना, तेवढं पाहा.

आईवडिलांसाठी मात्र संगणकावर दोन्ही ब्राउझर तुम्ही स्वतः बसून लावून द्या. अक्षर मोठं करा, भाषा मराठी करा, सूचना बंद करा, बँकेची खूण ठळक जागी ठेवा. हे सगळं फोनवर सांगून होत नाही. पुढच्या भारतवारीत एक दुपार राखून ठेवा. आणि त्यांना एक गोष्ट वारंवार सांगा, की काही विचित्र दिसलं तर आम्हाला कधीही फोन करा, इकडे रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. चोराचं सगळं बळ आपल्या माणसाला घाईत आणि एकटं गाठण्यात असतं. फसवणूक झालीच तर आधी बँकेला कळवायचं आणि भारतातून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. लाजून गप्प बसण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पैसे दोन-चार खाती फिरून आलेले असतात.

ते काका आता परत नाशिकला आहेत. मित्राने दिवाळीत जाऊन त्यांना वर सांगितल्याप्रमाणे दोन ब्राउझर लावून दिले, एकाच्या चित्राखाली 'बँक' आणि दुसऱ्याच्या खाली 'वाचन' असं मराठीत लिहून. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचं वीजबिल स्वतः भरलं, आणि मुलाला फोन करून पावती क्रमांक वाचून दाखवला.

कोणाला आपल्या संगणकाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त पासवर्ड पाठवू नका, मलासुद्धा.